चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर वाढवताना
सुरुवातीलाच तुम्ही चांदीच्या ००१ पृष्ठभागावर (स्फटिक ठरावीक दिशेने कापल्यावर मिळणाऱ्या, अणूंची चौरस मांडणी असलेल्या पृष्ठभागावर) मॅग्नेशियम ऑक्साइड वाढवायचे ठरवले आहे, ही निवड मला योग्य वाटते, कारण चांदीचा जालक स्थिरांक, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अणुरचनेच्या घटकाची लांबी, ४.०९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे १०⁻¹⁰ मीटर) आणि या ऑक्साइडचा ४.२१ अँगस्ट्रॉम असल्यामुळे दोन्हींतील तफावत सुमारे ३ टक्क्यांचीच राहते. मात्र थर कसा येणार, हे मॅग्नेशियमचे बाष्पीभवन सुरू होण्याआधीच बहुतांशी ठरलेले असते. आर्गॉन आयनांचा मारा आणि त्यानंतर तापवणे ही चांदीचा पृष्ठभाग स्वच्छ व सपाट करणारी आवर्तने, इलेक्ट्रॉन विवर्तनातील (पृष्ठभागावरून परतलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर अणूंच्या मांडणीनुसार ठिपके उमटवतात, त्या चाचणीतील) ठिपके बारीक व तेजस्वी आणि त्यांमागचा पडदा काळाभोर दिसेपर्यंत, कंटाळा न करता चालू ठेवा. ऑक्सिजन आधी सोडा, त्याचा दाब १०⁻⁶ मिलिबारच्या आसपास स्थिरावू द्या आणि मगच मॅग्नेशियमच्या स्रोतासमोरचे शटर उघडा. हा क्रम उलटला, तर ऑक्सिजनाविना पोहोचलेले मॅग्नेशियम तापलेल्या चांदीत शिरून मिश्रधातू तयार होतो. पहिला थर पुरता पसरण्यापूर्वीच त्यावर दुसऱ्याची बेटे उगवू लागतात, म्हणून क्वार्ट्झ मापकाने (साचलेल्या पदार्थाच्या वजनावरून थराची जाडी सांगणाऱ्या उपकरणाने) एका थराइतकी जाडी दाखवली तरी सगळी चांदी झाकली गेली, असे कृपया गृहीत धरू नका.