नादारीचा अर्ज आणि तारण ठेवलेले घर

प्रश्न : माझे कापडाचे दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडले. बँकेचे गृहकर्ज 14 लाख, पतसंस्थेचे कर्ज 6 लाख (मेहुणे जामीनदार आहेत) आणि क्रेडिट कार्डे व वैयक्तिक कर्जे मिळून 9 लाख रुपये देणे आहे. एका धनकोने धनादेश न वटल्याची नोटीसही पाठवली आहे. दिवाळखोरी जाहीर केली की सगळे देणे माफ होते, त्याआधी फ्लॅट पत्नीच्या नावे करून टाका, असे एका परिचिताने सुचवले. हे खरे आहे का? मला तुरुंगात जावे लागेल का? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपल्या परिचितांचे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा तर आपल्याला गोत्यात आणणारा आहे. फ्लॅट तारण असल्यामुळे बँकेच्या संमतीवाचून तो परस्पर पत्नीच्या नावे करता येत नाही. शिवाय मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावरून आपण नादार (म्हणजे दिवाळखोर) ठरलात, तर ते हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते.

आपण ज्याला दिवाळे म्हणतो त्याला न्यायालयात नादारी म्हणतात. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा बराच गाजावाजा झाला. परंतु व्यक्तींविषयीचा तिचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच अमलात आला आहे. इतरांना अजूनही जुनेच कायदे लागू आहेत : मुंबई शहरात 1909 चा आणि आपल्याकडे 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. देणे फेडण्यास असमर्थ असलेल्या माणसाचे देणे 500 रुपये झाले तरी त्याला अर्ज करता येतो, यावरूनच कायद्याचे वय लक्षात यावे.

न्यायालयाने नादार ठरवले की आपली मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडे) जाते, आणि विनातारण कर्ज देणारे धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या देण्यासाठी आपल्यावर दावा लावू शकत नाहीत. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, पत्नीचे मंगळसूत्र, आपल्या आयुर्विम्याची रक्कम यांना हात लावता येत नाही. देणे मात्र त्या दिवशी संपत नाही. त्यासाठी मुक्ततेचा स्वतंत्र आदेश मिळवावा लागतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते. अर्जापूर्वीच्या तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या होत्या का, देणे फिटणार नाही हे कळूनही धंदा चालूच ठेवला का, विनातारण देण्याच्या निम्म्याइतकी तरी मालमत्ता उरली आहे का आणि नसेल तर त्यात आपला दोष किती, हे सारे पाहिले जाते. उत्तरे समाधानकारक नसतील तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. मुक्तता होईपर्यंत आपण नादार असल्याचे न सांगता कोणाकडून 50 रुपयांची उधारी घेणे हाही गुन्हा आहे.

आता आपल्या तीन कर्जांकडे पाहू. गृहकर्जाच्या बाबतीत नादारी आपल्या उपयोगाची नाही, कारण तारणावरचा बँकेचा हक्क तिने कमी होत नाही. सरफेसी कायद्याखालची (तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखालची) 60 दिवसांची नोटीस येण्यापूर्वीच बँकेशी बोलावे. फ्लॅटची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त असेल, तर लिलावाची वाट न पाहता बँकेच्या संमतीने तो स्वतः विकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पतसंस्थेच्या बाबतीत आपली मुक्तता झाली तरी मेहुण्यांची होत नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला (थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश) त्यांच्यावरही निघू शकतो. त्यांना अंधारात ठेवून अर्ज करू नये. राहिली 9 लाखांची विनातारण कर्जे. नादारीचा उपयोग झालाच तर तो इथे होईल. तरीही आधी एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत करून पाहावी. तडजोड लेखी घ्यावी, आणि तिची नोंद पतअहवालात राहून पुढे कर्ज मिळणे अवघड जाईल, हे गृहीत धरावे.

तुरुंगाविषयी सांगायचे तर, निव्वळ ऐपत नाही म्हणून दिवाणी हुकूमनाम्यावरून (पैसे देण्याच्या न्यायालयीन आदेशावरून) तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच स्पष्ट केले आहे. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याची गोष्ट वेगळी. धनादेशाचे प्रकरण मात्र फौजदारी असून त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि नादारीच्या अर्जाने ते थांबत नाही. नोटीस हाती पडल्यापासून पैसे देण्यास 15 दिवस मिळतात. त्यामुळे आज सर्वांत निकडीची बाब तीच आहे. नोटिशीवरची तारीख पाहून, दुकानाच्या तीन वर्षांच्या वह्या बरोबर घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटावे; त्यांची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासह चौकशी करावी.