रेल्वे कमिशनर, पण रेल्वेशी संबंध नाही

प्रश्न : ह्यूस्टनला राहणारी आमची सून आता अमेरिकी नागरिक झाली. तिच्या मतपत्रिकेत गव्हर्नरखाली 'रेलरोड कमिशनर', 'कम्प्ट्रोलर' अशी पदं आहेत. ती रिकामी सोडली तर मत बाद होतं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. भरलेली मतं मोजली जातात, रिकामी जागा तेवढी वाया जाते. पण सोडू नये. रेलरोड कमिशन हे नाव निव्वळ फसवं आहे. रेल्वेचे उरलेसुरले अधिकारही 2005 मध्ये गेले. आता तेल-वायूच्या विहिरी आणि पाइपलाइन त्यांच्याकडे. सदस्य तीन, मुदत 6 वर्षं. कम्प्ट्रोलर कर गोळा करतो आणि महसुलाचा अंदाज देतो. त्याच्या दाखल्याशिवाय बजेट पुढे सरकत नाही. आपल्याकडे महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, टेक्सासात ॲटर्नी जनरलही निवडून येतो.

एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय तिथे 2020 पासून बंद आहे, त्यामुळे प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करावी लागते. नमुना मतपत्रिका आधी पाहून नावं कागदावर लिहून न्यावीत. मतदानाच्या जागेपासून 100 फुटांत मोबाइल वापरता येत नाही. नोंदणी मात्र 30 दिवस आधीच हवी.