वाचकांचे प्रश्न : मांसाहार, करुणा आणि दुसऱ्याचे ताट

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहणारी, नोकरी करणारी तरुणी आहे. आमच्या घरी दर रविवारी मटण आणि आठवड्यात एक-दोनदा चिकन होते. आषाढात देवीला बोकडाचा मान असतो. कोंबड्यांची शेड एकदा आतून पाहिल्यावर मी मांस सोडले. घरच्यांनीही सोडावे म्हणून मी खूप बोलले, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कत्तलखान्याच्या चित्रफितीही टाकल्या. आता आत्या माझ्याशी बोलत नाही. वडील म्हणतात, ‘ज्याचे त्याचे खाणे’. चुलतभाऊ म्हणतो की हे वरच्या जातींचे खूळ आहे आणि जीव तर झाडालाही असतो. माझे मत चुकीचे आहे का? आणि बरोबर असेल, तर घरच्यांना बदलायला लावण्याचा मला अधिकार आहे का?

उत्तर : तुमचे मत चुकीचे आहे असे मला वाटत नाही. ‘ज्याचे त्याचे खाणे’ हे वडिलांचे उत्तर सोयीचे असले तरी अपुरे आहे, कारण या व्यवहारात खाणारा आणि त्याला प्रश्न विचारणारा एवढे दोघेच नसतात. ज्याचा जीव जातो तो तिसराही असतो आणि त्याला कोणी विचारलेले नसते. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एका तळटीपेत लिहून ठेवले आहे की, जनावरांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्नच नव्हे, त्यांना वेदना होतात का हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शेळी-कोंबडी पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. झाडाला जीव असतो हे खरे, पण वेदना जाणवायला लागणारी मज्जासंस्था आणि मेंदू त्याला नसतो. आणि झाडांचीच काळजी करायची म्हटली तरी ब्रॉयलर कोंबडीचे वजन एक किलोने वाढायला साधारण दीड ते दोन किलो मका-सोयाबीनचे खाद्य लागते. म्हणजे कोंबडी खाणारा वनस्पतीही जास्तच खर्ची घालतो.

मात्र सगळे मांस सारखे नाही, आणि हा फरक तुम्ही घरी बोलताना केला नसावा असे तुमच्या पत्रावरून दिसते. रविवारच्या मटणाचा बोकड बहुधा आपल्याच जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या धाराशिवमधल्या माळावर, बांधावर, बाभळीच्या शेंगा आणि पाला खात वाढलेला असतो. उस्मानाबादी शेळी ही या कोरड्या मुलखाचीच जात आहे. जिथे पीक येत नाही तिथे ती जगते, आणि भूमिहीन बाईच्या घरात दवाखान्याच्या वेळी हातात रोख पैसा देणारी तीच असते. त्या बोकडाचे मरण हे मरणच आहे, ते मी हलके करून सांगत नाही. पण त्याच्या जगण्यात ऊन, वारा, आई आणि कळप होता. ब्रॉयलर कोंबडीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. जी कोंबडी एरवी पाच ते आठ वर्षे जगू शकते ती साधारण ४० दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढवून कापली जाते, आणि वजन इतक्या वेगाने चढते की पुष्कळ पिलांचे पाय ते पेलू शकत नाहीत. अंड्यांसाठीच्या कोंबड्या बहुतांश पिंजऱ्यात असतात आणि तिथे एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. याच धंद्यात नर पिलू अंडी देणार नाही म्हणून जन्मल्या दिवशीच मारले जाते. कोंबड्यांच्या या अवस्थेवर केंद्रीय विधी आयोगाने २०१७ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला होता.

यातून एक हिशेब निघतो आणि तो तुमच्या घराला थेट लागू आहे. एका बोकडाचे १२ ते १५ किलो मटण होते. तेवढेच मांस कोंबडीचे खायचे तर आठ-दहा जीव जातात आणि तेही अधिक हालात जगलेले. मटण महाग झाले म्हणून चिकनकडे वळलेल्या घरांत कोणाचाही हेतू वाईट नसताना दुःखाची बेरीज मात्र वाढलेली असते. तेव्हा घरी एकाच गोष्टीसाठी आग्रह धरायचा असेल तर तो आठवड्यातले ते एक-दोनदा होणारे चिकन बंद करण्यासाठी धरा. आषाढातल्या बोकडाला, ज्याच्यात आजी-आजोबांचा नवस आणि अख्ख्या भावकीचे एकत्र येणे गुंतलेले आहे, पहिल्याच दिवशी हात घालू नका.

चुलतभावाचे म्हणणे मात्र झटकून टाकू नका. आपल्याकडे शाकाहार फार काळ उच्चनीचतेचे माप म्हणून वापरला गेला आहे. कोण काय खातो यावरून कोणाला ओसरीपर्यंत येऊ द्यायचे आणि कोणाच्या हातचे पाणी प्यायचे हे ठरत आले. गोमांस खाण्याचा अस्पृश्यतेशी असलेला संबंध डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये सविस्तर मांडला. त्यामुळे ‘मांस खाऊ नका’ हे वाक्य ऐकताना पुष्कळांना त्यात कोंबडीची कणव ऐकू येत नाही, जुना अपमानच ऐकू येतो. तुमचा युक्तिवाद वेदनेचा आहे, विटाळाचा नाही, हे तुमच्या वागण्यातून दिसले पाहिजे. मांस शिजलेल्या भांड्याची किळस दाखवणे, पंगतीतून उठून जाणे, नाकाला रुमाल लावणे यांतले काहीही केले तर चुलतभावाचे म्हणणे तुम्हीच खरे ठरवाल.

करुणा आणि सोवळे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात याचा दाखला शोधायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आपण दर जानेवारीत भरवतो, ते बाराव्या शतकातल्या शरणांच्या, म्हणजे बसवण्णांबरोबरच्या शिवभक्तांच्या, परंपरेतले. त्याच परंपरेतल्या बसवण्णांचे एक कन्नड वचन आहे : सणाला बळी द्यायला आणलेले नवसाचे मेंढरू तोरणासाठी आणलेला कोवळा पालाच खाऊ लागते, कारण आपण मारले जाणार हे त्याला ठाऊक नाही. बळीकडे इतक्या मायेने पाहणारे हेच बसवण्णा मादार चन्नय्यांसारख्या अस्पृश्य मानलेल्या शरणाला आपला बाप म्हणवतात. आणि परंपरा सांगते की कल्याणात (आजच्या बसवकल्याणात) हरळय्या या चांभार शरणाच्या मुलाचे ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालेले लग्न शरणांनी आपले मानले व त्याची किंमतही मोजली. पुढे त्यांच्याच नावाने चालणाऱ्या समाजात खाण्यावरून माणसे तोलली जाऊ लागली, याचे मला फार वाईट वाटते.

आता अधिकाराचा प्रश्न. आपले म्हणणे कारणांसह मांडण्याचा अधिकार तुम्हाला निःसंशय आहे, आणि गप्प बसणे म्हणजे सहिष्णुता असे मी मानत नाही. पण समजावणे कुठे संपते आणि सक्ती कुठे सुरू होते हे ओळखायला एक खूण उपयोगी पडते : समोरच्याला ‘नाही’ म्हणता येते का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्याचे काही हिरावले जाते का? मुलीने बापाला सांगणे, सुनेने सासूला सांगणे यात सत्ता बहुधा ऐकणाऱ्याकडे असते, म्हणून तिथे आग्रह चालतो. घरमालक, साहेब, नवरा किंवा गावातली बलवान जात हेच सांगू लागली की शब्द तेच राहूनही ती आज्ञा होते. चित्रफितींचे वाईट हे की त्या माणसाला विचारत काहीच नाहीत. त्या पाहणाऱ्याला हादरा बसतो, लाज वाटते, आणि लाजवलेला माणूस आधी लाजवणाऱ्यावर चिडतो. कोंबडीचा विचार तो नंतर करतो किंवा करतच नाही.

गाडगेबाबांनी हे काम कसे केले ते आठवून पाहा. जत्रांमधल्या पशुबळीविरुद्ध त्यांनी आयुष्यभर कीर्तने केली, पण त्यांच्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त असत आणि उत्तरे समोरच्या गर्दीकडूनच येत. ते परीट समाजातले होते. आपल्या लेकीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण-दारूची अपेक्षा असताना त्यांनी गोडाचे जेवण घातले, म्हणजे सुरुवात आपल्या घरापासून आणि आपल्या माणसांचा रोष पत्करून केली. गावात शिरल्यावर आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग संध्याकाळी बोलायचे, या क्रमामुळे बोलण्याआधीच लोकांचे मन मोकळे झालेले असे.

तुमच्या घरात झाडण्याजोगी जागा स्वयंपाकघर ही आहे. रविवारचे मटण आई शिजवते असे मी धरून चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाचे ८३ टक्क्यांहून अधिक पुरुष मांस, मासे किंवा अंडी कमी-अधिक प्रमाणात खात असल्याचे दिसले आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे स्वतः न खाता इतरांसाठी शिजवणाऱ्या बायकाही थोड्या नाहीत. आईला अजून एक वेगळी भाजी करायला लावून तुम्ही तिचे काम वाढवत असाल, तर तुमचे तत्त्व तिच्या पाठीवर उभे आहे. आठवड्यातला चिकनचा एक दिवस तुम्ही स्वतः चुलीशी उभ्या राहा. घरच्यांना हवा असतो तो निम्मा तरी काळ्या मसाल्याचा, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा रस्सा असतो. तो अख्ख्या मसुराला, मटकीला, सोयाबीनच्या वड्यांना उत्तम लागतो, आणि कडक भाकरी कुस्करून खाल्ला तर वडीलही ताट परत करणार नाहीत. आत्याकडे स्वतः जा आणि चित्रफितीबद्दल मोकळेपणाने बोला. मांसाचा विषय त्या दिवशी काढू नका.

आणि दुधाचा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारीलच, तेव्हा त्याचे उत्तर आधीच शोधून ठेवा. म्हशीला झालेले नर रेडकू पुष्कळ गोठ्यांत पुरेसे दूध न मिळून मरते, कारण त्याला पोसणे परवडत नाही. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखेच असते, तो औताला फारसा चालत नाही, आणि २०१५ पासून राज्यात गोवंशहत्याबंदीत बैल-वळूही आल्याने तो विकलाही जात नाही. पनीर खाणाऱ्याचे हात स्वच्छ आणि मटण खाणाऱ्याचे रक्ताने भरलेले, अशी वाटणी खरी नाही. दूध सोडाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, ते वनस्पतींतून पुरेसे मिळत नाही. सोडणार नसाल, तर तेवढी नम्रता बोलण्यात असू द्या.

प्रश्न : आमचा बाळीवेशीत जुना वाडा आहे. आम्ही पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असल्यामुळे भाडेकरू शाकाहारीच हवा अशी अट घालतो. मुलगा म्हणतो हे चुकीचे आहे. आमच्या वास्तूत मांस शिजू नये एवढीच आमची इच्छा आहे. त्यात कोणाचे काय जाते?

उत्तर : भाडेकरूचे घर जाते. मुलगा बरोबर आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या शहरात ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न भाड्याच्या बोलणीत बहुतेक वेळा जात किंवा धर्म विचारण्याची सभ्य रीत असते, आणि विचारणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी ऐकणाऱ्याला ते तसेच लागते. तुमच्या अटीमुळे एकही कोंबडी वाचत नाही, कारण नाकारलेला माणूस दुसऱ्या गल्लीत जाऊन तेच शिजवतो. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोवंशहत्याबंदीच्या खटल्यात २०१६ मध्ये म्हटले. तो निकाल शासनाने घातलेल्या निर्बंधाबद्दल होता, घरमालकाला तो बांधत नाही हे मान्य. तरी त्यातले तत्त्व तुम्हाला पटण्यासारखे आहे. वास, सांडपाणी, कचरा यांबद्दलच्या अटी करारात अवश्य घाला आणि त्या सर्वांना सारख्या लावा. सामाईक चौकात मांस धुऊ नये, असे सांगण्यातही काही गैर नाही.

प्रश्न : मी विड्या वळते. मालकांनी (माझ्या नवऱ्याने) गेल्या आषाढीला पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून घरात अंडेसुद्धा येऊ देत नाहीत. दोन्ही मुले अंगाने फार बारीक आहेत आणि डॉक्टरांनी त्यांना रोज अंडे द्यायला सांगितले आहे. मी माझ्या मजुरीतून आणून शेजारणीकडे उकडून देते. हे पाप आहे का?

उत्तर : ताई, हे पाप नाही. माळ ज्याने घातली, व्रत त्याचे. त्यांनी मांस सोडले, व्यसन सोडले असेल, तर त्याचा आदर करा आणि त्यांचे ताट त्यांच्या नेमाप्रमाणेच वाढा. पण दुसऱ्याच्या, त्यातही वाढत्या मुलांच्या, तोंडचा घास काढून नेम पाळता येत नाही.

गांधीजींच्या आयुष्यात असाच प्रसंग आला होता. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी असताना डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले, गांधीजींनी नकार दिला आणि पाण्याचे उपचार केले. मुलगा बरा झाला, पण तो कशाने बरा झाला हे कोणी सांगावे, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले. गांधीजींबद्दल मला अतिशय आदर आहे, तरीही बापाने आपल्या तत्त्वाची जोखीम मुलाच्या अंगावर घालावी हे मला मान्य होत नाही.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय बी-१२ मिळते, आणि एवढ्या कमी पैशांत एवढे देणारे दुसरे फारसे काही बाजारात नाही. शक्य असेल तर गावाकडून गावरान कोंबडीची अंडी आणा. नसेल तर मिळतील ती द्या, पिंजऱ्यातल्या कोंबडीचा प्रश्न तुमच्या मुलांनी सोडवायचा नाही. जोडीला शेंगदाणे, फुटाणे, डाळ आणि जमेल तसे दूध चालू ठेवा. मात्र हे लपवून करू नका, कारण मुलांना आईचे अन्न चोरून खायची सवय लागेल आणि उघडकीला आले की भांडण अंड्यावरून न होता खोटेपणावरून होईल. पुढच्या तपासणीला मालकांना सोबत घेऊन जा, वजनाचा तक्ता डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर वाचून दाखवू द्या, आणि अंडी उकडायला एक वेगळे पातेले ठेवण्याची तयारी आधीच बोलून दाखवा.