भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय. आता धोका टळला ना?

तुम्ही लिहिलंय की भाऊ गर्द (ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) ओढायचा, तीन महिने केंद्रात काढून पुढच्या आठवड्यात घरी येतोय आणि घरात 'सुटलो एकदाचे' असं वातावरण आहे. आनंदावर विरजण घालायचं नाहीये, पण सर्वात जपायचे दिवस आता सुरू होतात. मी स्वतः सहा वर्षं गर्दवर होतो, सुटून अकरा झाली.

रोज घेणाऱ्याचं शरीर सरावत जातं. सुरुवातीला ज्या मात्रेने माणूस आडवा झाला असता, ती पुढे नुसती टर्की टाळायला लागते. (टर्की म्हणजे माल न मिळाल्यावरचे हाल : हाडं ठणकतात, नाक-डोळे गळतात, रात्रभर पाय झाडत पडायचं.) तीन महिने बंद राहिलं की हा सराव उतरतो, शरीर पुन्हा कोरं होतं. डोकं मात्र जुना हिशेब विसरत नाही. स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा घेतलं, की हात जुन्याच मात्रेकडे जातो आणि श्वास मंदावत मंदावत थांबतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर आणखी लवकर.

केंद्रात माझ्या शेजारच्या कॉटवर एक मुलगा होता. माझी उशी पातळ म्हणून जाताना स्वतःची देऊन गेला. नवव्या दिवशी तो वारल्याचं कळलं. रात्री मोठमोठ्याने घोरत होता, बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलाय म्हणून घरच्यांनी उठवलं नाही. ते घोरणं नव्हतंच. घशात घरघर, दोन श्वासांत मोठं अंतर, निळसर ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, हलवूनही जाग नाही, असं दिसलं तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने द्या. नॅलोक्सोन नावाचा यावर उतारा आहे, तो घरी ठेवता येईल का हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. तो काही मिनिटांत शुद्धीवर आणतो, पण असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि गर्द अंगात असेल तर माणूस पुन्हा बुडतो. उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचंच.

डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (गर्दच्याच जातीची, पण डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची औषधं) सुचवलं तर 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून मोडता घालू नका. मीही तसंच म्हणायचो, ते मूर्खपणाचं होतं. या औषधांनी तलफ आटोक्यात राहते आणि मरणाचा धोका बराच कमी होतो.

आणि हे फक्त तुमच्याच घरात घडलं असं वाटून घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 29 कोटी लोकांनी अमली पदार्थ घेतले, 6.4 कोटी लोक त्यातून आजारी होते आणि त्या आजाऱ्यांपैकी अकरांत एकालाच उपचार मिळत होते. तुमचा भाऊ त्या अकरांतला एक.

मी घरी आलो त्या दिवशी आईने बाथरूमची आतली कडी काढून टाकली. फार अपमान वाटला होता, आज पटतं. बहीण म्हणाली, "घसरलास तर आधी मला फोन कर, मी ओरडणार नाही." दुसऱ्या महिन्यात रात्री दोनला मी तो केला. ती ओरडली नाही. "किती घेतलंस, कधी घेतलंस?" एवढंच विचारलं आणि चप्पल न घालताच निघाली.