‘आहे’ दिसलं की ‘हॅव’ लावायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीच्या अर्जात तुम्ही ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९’ असं लिहिलंत आणि मित्राने त्यातला ‘हॅव’ खोडला. मराठीत आपण ‘पदवी पूर्ण केली आहे’ म्हणतो, हॅव अधिक व्ही थ्री (क्रियापदाचं तिसरं रूप) हे सूत्रही तुम्ही पाळलंत, मग बिघडलं कुठे?

सूत्र बरोबर आहे. अडचण केली ती ‘इन २०१९’ने. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि हीच चूक हुशार विद्यार्थ्यांकडूनही होताना पाहते, कारण तिचं मूळ आपल्या मराठीत आहे. ‘तो काल आला आहे’ हे मराठीत अगदी शुद्ध वाक्य. आपल्या ‘आहे’ला ‘काल’ चालतो, इंग्रजीतल्या ‘हॅव’ला चालत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ असा संपलेला काळ वाक्यात आला की साधा भूतकाळच घ्यायचा. म्हणून मराठीतला ‘आहे’ बघून काळ ठरवू नका. ज्या काळाबद्दल बोलतोय तो अजून चालू आहे का, एवढंच स्वतःला विचारा.

हा काळ केवढाही असू शकतो. ‘आय हॅव सीन स्नो’ म्हणताना तो म्हणजे माझं आत्तापर्यंतचं आयुष्य. आयुष्य चालू आहे, म्हणून हॅव. आता मेरी क्युरी घ्या. ‘त्यांनी दोनदा नोबेल मिळवलं आहे’ असं मराठीत सहज लिहितात. पण त्या १९३४ साली वारल्या, त्यामुळे इंग्रजीत ‘शी वन टू नोबेल प्राइझेस’. वाक्यात तारीख नाही, तरी काळ संपलेला आहे. हयात शास्त्रज्ञाबद्दल मात्र ‘हॅज वन’ म्हणता येतं. ‘धिस मॉर्निंग’चंही तसंच. सकाळी अकरा वाजता ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ बरोबर, संध्याकाळी तेच सांगताना ‘आय कॉल्ड’.

‘कधी’ हा शब्दही फसवतो. ‘तू कधी आलास?’ आणि ‘तू कधी बर्फ पाहिलाय का?’ यातला पहिला ‘कधी’ नेमकी वेळ विचारतो, म्हणून ‘व्हेन डिड यू कम?’ ‘व्हेन हॅव यू कम?’ नाही. दुसरा ‘कधी’ म्हणजे एव्हर: ‘हॅव यू एव्हर सीन स्नो?’

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बोलण्यात ती सतत लागते. बातमी सांगताना इंग्रजी माणूस बहुतेक वेळा हॅवने सुरुवात करतो आणि तपशिलात शिरला की भूतकाळात जातो. ‘आय हॅव लॉस्ट माय की. आय ड्रॉप्ड इट ऑन द वे होम.’ पहिल्या वाक्यात आत्ताची अवस्था आहे: किल्ली नाही, दार उघडत नाही. दुसऱ्यात घडलेला प्रसंग. विद्यार्थी सगळी गोष्ट हॅव लावून सांगतात आणि ती फार कृत्रिम वाटते.

आता उलट बाजू. मराठीत वर्तमानकाळ असतो आणि इंग्रजीला हॅव लागतो. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ याचं आपण ‘आय नो हिम सिन्स टेन इयर्स’ करतो. यात दोन चुका आहेत. ओळख तेव्हा सुरू झाली आणि आजवर टिकली, म्हणून ‘आय हॅव नोन’. दुसरी चूक आपल्या ‘पासून’मुळे होते. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५पासून’ दोन्हीकडे आपला एकच शब्द. इंग्रजीत मुदत सांगताना फॉर, आरंभबिंदू सांगताना सिन्स. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’, ‘आय हॅव नोन हिम सिन्स २०१५’. आणि जपून: ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही आता इथे राहत नाही.

गॉन आणि बीनसाठी मराठी छान मदतीला येते. ‘लंडनला गेला आहे’ म्हणजे ‘हॅज गॉन टू लंडन’, अजून परतलेला नाही. ‘लंडनला जाऊन आला आहे’ म्हणजे ‘हॅज बीन टू लंडन’.

अमेरिकन मालिकांमध्ये ‘आय जस्ट एट’ किंवा ‘डिड यू फिनिश यट?’ ऐकू आलं तर गोंधळू नका. जस्ट, ऑलरेडी, यट यांच्यासोबत तिथे साधा भूतकाळही सर्रास चालतो. ब्रिटिश वळणात ‘आय हॅव जस्ट ईटन’ जास्त रूढ. परीक्षेत हेच लिहा.

तुमच्या अर्जाचं म्हणाल तर, समजा पदवीनंतर तुम्ही अकाउंटंट म्हणून लागलात आणि अजून तेच काम करता, तर मी लिहिलं असतं: ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९ अँड हॅव वर्क्ड ॲज ॲन अकाउंटंट सिन्स देन.’ साल नको असेल तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’ हे तुमचं वाक्य जसंच्या तसं राहू द्या.