पग कुत्र्याला ऊन लागलंय हे कसं ओळखायचं आणि लगेच काय करायचं?

कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर घर, डोक्यावर पत्रा, दुपारी पग जीभ काढून धापा टाकत पडतो आणि सासूबाई सांगतात तळपायाला कांदा चोळा, असं तुम्ही लिहिलंय. आधी कांद्याचंच सांगते. माणसाला चोळतात तो वेगळा विषय, पण कुत्रं आपले पंजे चाटतंच, आणि पोटात गेलेला कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मांजराला तर तो आणखी बाधतो. त्यामुळे कांदा अजिबात नको.

कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः धापा टाकून, तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन. म्हणूनच आपल्याकडे वळीव यायच्या आधीची ती कुंद, वारा पडलेली दुपार मला रखरखीत उन्हाइतकीच धोक्याची वाटते. हवाच दमट असेल तर कितीही धापा टाकल्या तरी अंग निवत नाही. त्यात पगचं नाक आखूड, श्वासाची वाट मुळातच अरुंद. बॉक्सर, बुलडॉग, पर्शियन मांजर यांचंही तेच.

नेहमीच्या धापा सावलीत, पंख्याखाली थोड्या वेळात कमी होतात. कमी न होता वाढत गेल्या, लाळ घट्ट होऊन तिची तार लोंबायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, तर ऊन लागलंय असंच धरा. उलटी, रक्ताचे जुलाब, झोकांड्या, हाकेला ओ न देणं, झटके, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर होणं ही फार पुढची लक्षणं आहेत, तिथवर थांबू नका. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर तेवढंच पुरे, लगेच दवाखाना गाठा. गुदद्वारातून मोजलेलं कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की धोका.

मग आधी पाणी, नंतर रिक्षा. न्हाणीघरात नेऊन पोट, काखा, जांघा, मान असं सगळं अंग भिजवा आणि वारा घाला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं. बादलीत साठवलेलं किंवा माठातलं घ्या. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली ऊब कोंडते. थर्मामीटर असेल तर १०३ ला पाणी थांबवा, नाहीतर अंग फार गार पडतं. शुद्धीत असेल तर वाटीतलं पाणी त्याचं त्याला पिऊ दे. जबरदस्तीने ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. क्रोसिन देऊ नका. हा आजारातला ताप नव्हे, तिचा उपयोग होत नाही, आणि मांजराचा तर तिने जीव जातो.

तो उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडांना, यकृताला झालेली इजा, रक्त गोठण्यातला बिघाड हे पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतं.

एरवी रंकाळ्यावर फिरवायचं ते पहाटेच. तोंड आवळणारी कापडी जाळी उन्हाळ्यात नको, तिच्यात धापाच टाकता येत नाहीत. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. पत्र्याखालची खोली दुपारी सोडाच, त्याची जागा खालच्या मजल्यावर फरशीवर करा.

आणि आपल्याकडचे बरेच दवाखाने दुपारी बंद असतात. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, एक ते पाचच्या वेळेत न्यायचं झालं तर कुठे न्यायचं.