वाचता न येणाऱ्या वृद्धांची स्मृतिचाचणी न्याय्य कशी होईल?

आपल्या सासूबाई दुसरीपर्यंतच शिकलेल्या आहेत, त्यांना वाचता येत नाही, आणि 30 गुणांच्या चाचणीत 17 गुण मिळाल्याने डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची शंका घेतली आहे. अशा व्यक्तीसाठी ही चाचणी ग्राह्य धरावी का, असा आपला प्रश्न आहे. वृद्धांच्या अशा चाचण्या घेणे हेच माझे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आपण केलेल्या वर्णनावरून ही चाचणी 1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली एमएमएसई असावी. तीत 100 मधून सात-सात वजा करत जाणे, कागदावरची सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे आणि एकमेकांना छेदणारे दोन पंचकोन पाहून काढणे, एवढ्याचेच मिळून 8 गुण असतात. ज्यांनी पेन्सिल क्वचितच हातात धरली, त्यांचे हे गुण स्मृती शाबूत असूनही जाऊ शकतात. तारखेचेही तसेच: आज एकादशी आहे आणि परवा गावचा बाजार आहे हे अचूक सांगणाऱ्या आजी तारीख विचारली की गप्प होतात.

यावर वरून गुण वाढवून देण्याचा उपाय मला अपुरा वाटतो. मोका या चाचणीत 12 वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असल्यास एक गुण जास्त देतात. म्हणजे बारावी झालेल्यालाही एक आणि शाळेची पायरी न चढलेल्यालाही एकच. शिवाय वाचनाची अडचण निरक्षरतेमुळेच असते असे नाही. लहानपणापासूनचा, कधीच न ओळखलेला डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही अक्षरे वाचण्यात येणारी अडचण) किंवा वाढलेला मोतीबिंदू असेल, तर शिक्षणाची वर्षे मोजून काहीच हाती लागत नाही.

खरा उपाय प्रश्नच बदलण्याचा आहे, मात्र त्यातून तपासायची क्षमता तीच राहिली पाहिजे. हरियाणातील बल्लभगढ परिसरात, बहुतांश निरक्षर वृद्धांसाठी, 1990च्या दशकात एमएमएसईचे हिंदी रूप तयार झाले, ते याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने विचारले, लेखी सूचनेऐवजी परीक्षकाने डोळे मिटून दाखवले व तसेच करायला सांगितले, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायला सांगितले. चित्रे ओळखण्याच्या प्रश्नातही सावध राहावे लागते: पोर्तुगालमधील अभ्यासांत निरक्षर व्यक्ती रेखाचित्रांतील वस्तूंची नावे सांगताना मागे पडल्या, पण प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवल्यावर तो फरक उरला नाही. सिडनीत तयार झालेल्या रुडास या चाचणीत वाचन-लेखन नाही. तरी घनाकृती काढण्याचा एक प्रश्न तिच्यातही आहेच, त्यामुळे तीही पूर्णपणे निर्दोष म्हणता येणार नाही.

उलट बाजूची चूकही मी कमी पाहिलेली नाही. "अहो, त्या शिकलेल्या नाहीत, म्हणून गुण कमी," असे म्हणून खरा आजार दुर्लक्षित राहतो. म्हणून चाचणीच्या जोडीला घरच्यांना विचारणे मला अनिवार्य वाटते, कारण तिथे तुलना शिकलेल्या माणसांशी नसून त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या वागण्याशी होते. रोजचा स्वयंपाक, पैशांचा हिशेब, ओळखीची वाट, नात्यातल्या लग्नकार्यांची आठवण यांत गेल्या काही वर्षांत काय बदलले, हे आपण घरी बसून लिहून काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

पुढची तपासणी चष्मा लावून, ऐकू येते याची खात्री करून आणि त्यांच्या रोजच्या बोलीत व्हावी, अशी विनंती करा. त्याआधी पहिल्या चाचणीचा कागद मागून घ्या आणि गुण नेमके कुठे गेले ते पाहा. ते वजाबाकी, लेखन आणि पंचकोनात गेले असतील, तर 17 या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. मात्र चाचणीत काही मिनिटांपूर्वी लक्षात ठेवायला सांगितलेले तीनही शब्द त्यांना आठवले नसतील आणि घरीही त्या तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर शिक्षणाचे कारण पुढे न करता पुढील तपासण्या लवकर करून घ्याव्यात.